दुर्बीण दोन बोटं पुढे

१४ सप्टेंबर

चुकली! पुन्हा चुकली!

एलिक हरिण झाडीतून बाहेर येऊन उभं राहिलं. आडवं, निवांत, फोटोला उभं राहावं तसं. दगड भिरकावला असता तरी लागला असता. मी चाप ओढला. हरणानं माझ्याकडे बघितलं आणि चालत निघून गेलं. पळालंसुद्धा नाही! अपमान करायचा म्हणजे किती?

काब्यकेन बरोबर होता, म्हणजे आत्तापर्यंत गावभर झालं असणार. जुना दोस्त, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. आवाज असा की पलीकडच्या उतारावरची मेंढरं दचकतात. म्हणाला, "सेइलखान, हरणाला नुसतं घाबरवायचंच होतं तर मला सांगायचंस. मी ओरडलो असतो."

रायफलीत बिघाड आहे. नक्की!

१५ सप्टेंबर

बायको बाजारात गेलेली बघून स्वयंपाकघरातल्या टेबलावर रायफल खोलली. गजाला चिंधी गुंडाळून नळीतून फिरवली. आधी काळी आली, मग निळी. निळी म्हणजे तांबं! गोळ्यांचं तांबं आत बसलं की नळी लहरी होते. सापडला चोर! अमोनियाचं औषध ओतलं, थांबलो, पितळी ब्रश, परत चिंधी. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटी पांढरी स्वच्छ आली. कोरडी केली — तेलकट नळीतली पहिली गोळी कुठं जाईल सांगता येत नाही.

वासानं सूनबाई आली, खिडकी उघडली, जाताना टेबलाकडे जरा जास्तच वेळ बघून गेली. शिनार. माझ्या मुलाशी, मदियारशी, लग्न होऊन आली ती वसंतात. गुणी पोर आहे, पण बोलत नाही. आम्हा कझाकांच्या पद्धतीप्रमाणे सुनेनं सासरच्यांची नावं तोंडानं घ्यायची नाहीत, म्हणून तिनं सगळ्यांना टोपणनावं ठेवलीत. काब्यकेनला 'भोंगाकाका' म्हणते. एवढा एकच विनोद मी तिच्या तोंडून ऐकलाय.

१६ सप्टेंबर

बायकोला, कुलजमालला, टेबलाच्या नव्या मेणकापडावरचा डाग सापडला. आज लिहिण्यासारखं काही नाही.

२१ सप्टेंबर

नाल्यात जाऊन पुठ्ठ्यावर गोळ्या झाडल्या. एक वर, एक खाली, एक पुठ्ठ्याच्या बाहेर, एक कुठं गेली ते देवालाच ठाऊक. एवढी स्वच्छ नळी असून!

म्हणजे काडतुसं. काडतुसंच!

२४ सप्टेंबर

उस्केमन शहरात, येफिमच्या दुकानात. म्हातारा रशियन, बंदुका दुरुस्त करतो आणि गिऱ्हाइकांचा अपमान करतो. दोन्ही कामं मन लावून.

मी खिशातून काडतुसं काढून काउंटरवर ठेवली. तीन प्रकारची निघाली. त्यानं चष्म्यावरून बघितलं. "हे काय? कोशिंबीर?"

म्हटलं, "सगळी एकाच मापाची आहेत."

"बूटही एकाच मापाचे असतात. म्हणून एका पायात रबरी आणि एका पायात फेल्टचा घालून फिरतोस का?"

मग शिकवणी झाली. गोळीचं वजन बदललं की गोळी पडायची जागा बदलते. एक प्रकार निवडायचा, एकाच खेपेचा माल घ्यायचा, त्यावर रायफलीच्या दुर्बिणीचा नेम जुळवायचा आणि मग तो प्रकार सोडायचा नाही. एलिकसाठी मध्यम वजनाची पुरे, मांसाचा भुगा होत नाही. मला हे सगळं माहीत होतं. पण घरात उरलेली वापरून टाकावीत की नाही माणसानं?

त्यानं दुर्बिणीचे स्क्रू पाहिले, घट्ट. नळी आणि लाकडी दस्ता यांच्यामधून कागद सरकवला, टोकापासून मुळापर्यंत सुळकन गेला — म्हणजे दस्ता फुगून कुठं घासत नाही. चाप तपासला. रायफल माझ्या हातात देऊन म्हणाला, "ही ठणठणीत आहे. आता माणूस तपासून घे."

उद्धट! गेल्या वर्षी ही भलीमोठी दुर्बीण विकताना कसा गोड बोलत होता!

बाहेर पडलो आणि — इथं लिहायला हरकत नाही — डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. गुपचूप. त्यांनी अक्षरं वाचायला लावली, डोळ्यांत उजेड मारला. म्हणाल्या, "आजोबा, तुमचे डोळे माझ्यापेक्षा बरे आहेत."

ऐकून आनंद व्हायला हवा होता. आता कुणाला दोष द्यायचा?

४ ऑक्टोबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

नवी काडतुसं घेऊन नाल्यात गेलो होतो. पुन्हा तेच, इकडे एक तिकडे एक. कुलजमालनं सुनेच्या हाती डबा पाठवला होता. ती कधी येऊन मागं उभी राहिली कळलं नाही.

"मामंजी, एक बोलू?"

"बोल."

"तुम्ही डोळे मिटता."

भडकलोच मी! "अगं, तुझा नवरा जन्मायच्या आधीपासून मी शिकार करतोय! डोळे मिटून?"

ती खाली मान घालून उभी राहिली. पण हलली नाही. मग हळूच, "मी भरून देऊ का रायफल? तुम्ही बघू नका."

काय करते बघू म्हणून दिली. तिनं पाठ फिरवली, बोल्ट मागे-पुढे केला — हात सराईत, आवाज एकच, खट्. मी आडवा झालो, नेम धरला, चाप ओढला.

टक्. नुसतं टक्. तिनं आत रिकामी पुंगळी घातली होती! आणि आवाज नाही, धक्का नाही, तरी नळीनं खाली गचका खाल्ला, ठेच लागल्यासारखा. माझा खांदा पुढे, मान आखडलेली, डोळे — मिटलेले. गच्च मिटलेले!

उठून बसलो.

ती माझ्या भुवईकडे बघत होती. तिथं व्रण आहे. गेल्या वर्षी घरी सांगितलं होतं, शेडचं दार लागलं.

"दाराचा व्रण अर्धगोल नसतो, मामंजी."

झालं! एवढा काळ लपवलेलं एका वाक्यात बाहेर. नवी दुर्बीण मी ऐटीत स्वतः बसवली होती, डोळ्याला फार जवळ. पहिल्याच धक्क्याला तिची कडा भुवईत घुसली. रक्ताची धार! कुणाला सांगणार? चाळीस वर्षं शिकार केलेला माणूस आणि स्वतःच्या दुर्बिणीचा मार खाल्ला!

"एकदा लागलं की अंग विसरत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडेही व्हायचं."

"आमच्याकडे म्हणजे कुठं?"

उत्तर न देता तिनं खिशातल्या किल्लीनं स्क्रू सैल केले — किल्ली बरोबर घेऊनच आली होती! — दुर्बीण दोन बोटं पुढे सरकवली, आवळली. मग विचारलं, "मी एकदा तपासू?" उभ्यानंच रायफल उचलली. गाल दस्त्यावर टेकला. श्वास सोडला, थोडा ठेवला. पुठ्ठ्यावर एकापाठोपाठ चार. मी जाऊन बघितलं. चारही भोकांवर एक बाउरसाक, आमचा तळलेला पिठाचा गोळा, ठेवला असता तर झाकली गेली असती.

"शिनार, कुठं शिकलीस हे?"

"माहेरी, रिद्दरला. स्कीवर पळायचं आणि मध्येमध्ये थांबून नेम मारायचा, ती शर्यत. शाळेपासून होते संघात."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

डबा गार झाला होता. तसाच खाल्ला, दोघांनी मिळून.

५ ऑक्टोबर

कुलजमालला विचारलं, तुला माहीत होतं का?

"व्याह्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. पदकंसुद्धा दाखवली."

"मी कुठं होतो?"

"तिथंच. शिकारी कुत्र्यांना किडे झाले तर काय द्यावं, यावर भाषण चाललं होतं तुमचं."

११ ऑक्टोबर

शिकवणी सुरू. घरी सांगितलंय, गवताच्या गंजी झाकायला जातोय. रिकाम्या रायफलीच्या नळीवर तेंग्यांचं नाणं ठेवायचं आणि चाप असा दाबायचा की नाणं पडता कामा नये. पडतं. दर वेळी पडतं. मास्तरीणबाई रागावत नाहीत, नुसतं उचलून परत ठेवतात. ते जास्त लागतं.

१७ ऑक्टोबर

नाणं पडलं नाही!!

१९ ऑक्टोबर

बर्फ पडला. शेडमध्ये दोघं रायफल पुसत बसलो. गारठ्यातून आणल्यावर ती पिशवीतच राहू द्यायची, नाहीतर लोखंडाला घाम फुटतो आणि गंज धरतो — हे मी तिला सांगायला लागलो आणि तिनं उरलेलं वाक्य पुरं केलं. बोल्टवरचं घट्ट तेल रॉकेलनं धुऊन पातळ लावलं, म्हणजे थंडीत गोठणार नाही.

काम करताना ती बोलत होती. एवढं बोलताना तिला पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाली, "पळून पळून नेमाच्या जागी पोचलं की छाती नुसती धडधडत असते, मामंजी. थांबवता येत नाही. दोन ठोक्यांच्या मध्ये जागा असते, तिथं चाप दाबायचा. त्या जागेत इतकं शांत असतं…"

"सोडलंस का मग?"

"निवड हुकली. मग लग्न ठरलं." आणि चिंधी उलटी करून घासायला लागली.

२६ ऑक्टोबर

एका गोळीत! पोक्त नर, चढावर, वाऱ्यात. मी शेवटपर्यंत डोळे उघडे ठेवले, तो पडताना बघितला. काब्यकेननं अशी आरोळी ठोकली की दरीतले उरलेसुरले सगळे प्राणी सीमेपार गेले असतील.

संध्याकाळी हरणाच्या काळीज-मांसाचा कांद्यावर परतलेला कुयरदाक, काब्यकेन आणि त्याची बायको जेवायला. तो विचारतो, "काय जादू केलीस? काय बिघडलं होतं?"

सून चहा ओतत होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

म्हटलं, "दुर्बिणीचा स्क्रू ढिला होता. मीच शोधून काढला."

तिनं माझा पेला भरला, दोन्ही हातांनी पुढे केला. चेहऱ्यावर काही नाही. असलं तर थोडं हसूच. मांस छान झालं होतं. मला फारसं गेलं नाही.

२७ ऑक्टोबर

स्क्रू ढिला होता! गाढव आहे मी.

१२ नोव्हेंबर

शिनारला फोन आला. ती अंगणात जाऊन बोलली, पण मी शेडमध्येच होतो. "नाही सर… नाही, जमणार नाही… दुसऱ्या कुणाला द्या." मग बराच वेळ तिथंच उभी. जेवताना मी विचारलंच. तिचे जुने प्रशिक्षक. संघात एक जागा रिकामी झालीय, हिवाळाभर रिद्दरला सराव.

कुलजमालनं चमचा खाली ठेवला. "सून घरात आणली ती बर्फावर घसरायला का? माझा खुबा हा असा दुखतो. गाई व्यायल्या की मी एकटी काय करणार?" तिचंही खोटं नाही. शिनार येईपर्यंत सगळं तिनं एकटीनं ओढलंय. मी डोंगरात असायचो.

मदियार खाणीवरून सुट्टीला आला होता. ताटात बघत म्हणाला, "आई म्हणेल तसं."

शिनार म्हणाली, "मी नाही म्हटलंय त्यांना. विषय संपला." आणि ताटल्या गोळा केल्या.

मी काही बोललो नाही. घरचा कर्ता!

२० नोव्हेंबर

काब्यकेनला खरं सांगून टाकलं. भुवई, नाणं, पुंगळी, सून — सगळं. हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी होता. दुपारपर्यंत गावात पोचेल. पोचू दे, त्यासाठीच त्याला सांगितलं.

मग एकदम गप्प झाला. काब्यकेन, गप्प! इकडे-तिकडे बघून, हळू आवाजात म्हणाला, "माझाही नेम बघेल का रे ती?"

म्हटलं, "इथं असली तर."

२ डिसेंबर

गावातल्या बायका कुलजमालला सुनेबद्दल विचारतायत. आज नळावर तिला म्हणताना ऐकलं, "आमची शिनार पुरुषांना शिकवते!" वर मान करून. पण घरात पुन्हा तो विषय काढला तर, "संपला म्हणाली ना ती?"

म्हणाली. पण शेडमधली स्वच्छ रायफल मी तिला दोनदा पुसताना पाहिलं.

शेजारच्या पोरीला गाईंच्या धारांचं विचारून ठेवलंय. दोन्ही वेळा येईन म्हणते. शिनारच्या प्रशिक्षकांनाही गुपचूप विचारलं, जागा अजून रिकामी आहे.

५ डिसेंबर

जीपला हिवाळी चाकं घातली. कुलजमाल म्हणाली, "कुठं निघालात?" म्हटलं, "येफिमकडे. तेल संपलंय."

७ डिसेंबर, रिद्दर

आमच्याकडे लोक सुना पळवून घरी आणतात. मी आमची पळवून इथं, तिच्या संघाच्या सरावाला, आणून पोचवली. कुलजमालचे फोनावर फोन — उचलायचा धीर झाला नाही. मदियारचा उचलला. ओरडेल वाटलं होतं. म्हणाला, "बाबा, तिचे लोकरीचे मोजे राहिलेत घरी. रविवारी मीच घेऊन येतो."