मालक रिकामा चालणार नाही

१० नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी मुंबईची किनारपट्टी बनवतेय – जावामध्ये! हर्षद, आमचा टीम लीड, वयाने माझ्याहून लहान पण आवाज निवृत्त कलेक्टरचा, म्हणाला, "सोपं काम आहे, श्रुतिका." तो सोपं म्हणाला की माझा शनिवार-रविवार गेलाच म्हणून समजायचं.

काम असं. नकाशावरच्या प्रत्येक प्रकारच्या वस्तूचा जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक क्लास, म्हणजे साचा: इमारत, रस्ता, जेट्टी, मासळी सुकवायची जागा. माझा प्रोग्रॅम ते क्लास वाचून त्यांच्यावरून एक्सएमएल स्कीमा काढणार. स्कीमा म्हणजे नियमावली. कुठल्या वस्तूला कुठले रकाने, तिचा आकार बिंदू, रेषा की क्षेत्र, कुठला रकाना रिकामा चालेल आणि कुठला नाही. सर्व्हेची माहिती त्यात बसली तर नकाशावर, नाहीतर बाहेर. थोडक्यात, मी सोसायटीचा वॉचमन तयार करतेय.

११ नोव्हेंबर

स्कीमा निघाला, पहिल्याच फटक्यात. बघायला कोणीही नव्हतं. स्वतःच स्वतःला कटिंग चहा पाजला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मढच्या कोळीवाड्याची माहिती आत सोडली. एकच नोंद बाहेर फेकली गेली – मासळी सुकवायची जागा. कारण: मालक रिकामा.

रिकामाच असणार! ही रत्नप्रभा मावशीची जागा. म्हणजे मावशीची अशी नाही, सगळ्या कोळीवाड्याची. बांबूच्या वलांडी उभ्या करायच्या आणि ज्याने त्याने आपापले बोंबील टांगायचे. कुणाची रांग कुठली हे सगळ्यांना ठाऊक, आणि लिहिलेलं कुठेच नाही. सुट्टीत मावशीकडे गेले की मी तिथे कावळे हाकलायचे.

हर्षदला सांगितलं. तो म्हणाला, "मालक नाही अशी जमीन मुंबईत असते का?" त्याने मालकाचा रकाना सगळ्यात वरच्या 'भूखंड' क्लासमध्ये टाकलाय, तोही सक्तीचा. त्यामुळे खालच्या सगळ्या प्रकारांना तो आपोआप चिकटतो.

"एवढ्या एका प्रकाराला सूट दे ना. एका ओळीचं काम आहे."

"स्कीमावर साहेबांची सही झालीय. आता नाही."

नकाशात जे नाही ते विकास आराखड्यात 'मोकळी जागा' धरणार. आणि त्या मोकळ्या जागेवर शूटिंगच्या व्हॅनचं पार्किंग कुणीतरी आधीच रंगवून ठेवलंय, मी पाहिलं. मावशीचं सगळं घर त्या बोंबलांवर चाललंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

मढला जाऊन आले. मावशी आणि तिचे यजमान जयवंत काका दोघंही वलांडीपाशीच भेटले. सगळं समजावलं.

मावशी म्हणाली, "आमची जागा नाय नकाशात? मग हे बोंबील काय हवेत सुकतायत?"

खरं तर हवेतच सुकत होते.

काका म्हणाले, मच्छीमार सोसायटीचं नाव टाक. बरोबर होतं त्यांचं. पण त्याला ठराव हवा, ठरावाला मीटिंग हवी, आणि मीटिंगला निदान तीन भांडणं. नकाशातल्या दुरुस्त्या तर शुक्रवारी बंद होतायत. मग मीच म्हटलं, "काका, तुमचं नाव टाकते. स्कीमाला रकाना भरलेला लागतो फक्त. कुणाचं नाव आहे ते तो बघत नाही. नंतर बदलून घेऊ." तिथल्या तिथे फोनवरून दुरुस्ती पाठवलीसुद्धा. एवढ्या शिक्षणाचा शेवटी उपयोग झाला म्हणायचा.

मावशीने तळलेले बोंबील वाढले. काका समोरच्या रांगांकडे बघत जेवले. साठी झाली की माणसं हळवी होतात.

१८ नोव्हेंबर

जागा आली! नकाशावर हिरवा तुकडा, जेट्टीच्या बाजूला थोडा वाकडा, खरा आहे अगदी तसाच. डोळे भरून आले. ऑफिसात, एक्सएमएल बघून. कुणाला सांगायची सोय नाही.

हर्षद म्हणाला, "बघ, मालक असतोच. शोधावा लागतो."

मी हो म्हटलं. जिंकलेल्या माणसाने वाद कशाला घालायचा?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुरुस्त्या बंद. साहेब खूश, हर्षद खूश, पार्किंग आराखड्यातून गेलं. 'नंतर बदलून घेऊ'चं विचारलं, तर म्हणे आता थेट पुढच्या सर्व्हेत. तो कधी, हे कुणालाच माहीत नाही. काही बिघडत नाही. काका घरचेच आहेत.

२ डिसेंबर, मंगळवार

मावशीचा फोन. नकाशा गावात लागला, काकांचं नाव सगळ्यांनी वाचलं. खूप खूश होती. मग आवाज बारीक करून म्हणाली, "श्रुती, जागा आता आमचीच ना गं? मग बाकीच्यांना वलांडी कधीपर्यंत काढायला सांगू?"