'गो'चा दुसरा भाग

३ मार्च
नाही मिळालं. जुन्या पुस्तकांचा दुकानदार आज चक्क हसला — "बाई, तो छापखाना बंद पडून जमाना झाला!" मग पहिला आणि तिसरा भाग घेऊन मी काय चाटू? या जपानी 'गो'चा डाव संपवायचा कसा, ते सगळं दुसऱ्या भागात. सुरुवात मला जमते, मधलंही जमतं. शेवटी पटावर जागा थोड्या उरल्या की धांदल. ह्यांचा शेवट पक्का असायचा. विचारलं की म्हणायचे, "सांगेन गं." राहिलंच.

७ मार्च
एकटीच खेळले. काळ्या गोट्या माझ्या, पांढऱ्याही माझ्याच. दर चालीला उठून पलीकडच्या खुर्चीत. गुडघे धरले.

८ मार्च
लेकीचा फोन. "आई, कॉम्प्युटरवर खेळ ना! जगभरची माणसं असतात." खेळले की. हरायला लागलं की माणूस न सांगता गायब. असल्या उद्धटांसाठी मी रिकामी नाही.
तशी रिकामीच आहे म्हणा.

१५ मार्च
मिळालं! कुणाच्या तरी माळ्यावरून आलेल्या गठ्ठ्यात होतं. दुकानदार कुरकुरला — "एका गृहस्थांनी तुमच्याआधी सांगून ठेवलंय. उद्या येणारेत."
"मग उद्या सांगा, गेलं म्हणून."
"असं कसं बाई—"
"बांधा."
बांधलं. जन्मभर वर्ग गप्प बसवलेत मी, एक दुकानदार काय जड!

१६ मार्च
सकाळपासून वाचतेय. मोठी जागा दिसली की मी धावत तिकडे जायची. चूक! ज्या चालीला समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं, ती आधी खेळायची. मोठी जागा नंतर. इतकं साधं! "अहो, हे बघा—" म्हणून मान वर केली. समोर कपाट.

२१ मार्च
दुकानात डोकावले. "ते गृहस्थ फार चिडले हो. पण घाबरू नका, तुमचं नाव नाही सांगितलं." बरं केलंत म्हटलं नि घरी आले.
भाजी चिरता चिरता सुरी थांबली. या गावात 'गो' खेळणारं आणखी कुणीतरी आहे! इतकी वर्षं वाटायचं, आम्ही दोघंच. आणि मी काय केलं? त्याच माणसाच्या तोंडचा घास पळवला. गाढव!

२२ मार्च
दुकान उघडायच्या आधीच दारात हजर. पत्ता? नाही. फोन? नाही. "तुमच्या शब्दाला अर्थ नाही" म्हणून गेले, ते गेलेच. दारावर कागद चिकटवला — 'गो, भाग दुसरा, माझ्याकडे आहे. फोन करावा.' दुकानदार म्हणे, "कृपया घाला, बाई. दमच दिल्यासारखं वाटतंय." घातलं.

३० मार्च
फोन नाही.

९ एप्रिल
काल फोन आला, आज गृहस्थ स्वतः आले! ठेंगणेसे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत. पट मांडूनच ठेवला होता. त्यांनी बघितलासुद्धा नाही.
"खेळता ना?"
"छे हो. खेळते ती बायको. तिची नजर गेली, वर्ष झालं. मी पुस्तकातला डाव वाचून दाखवतो, ती चाल सांगते. मग मागचं उत्तर बघून मी चूक की बरोबर एवढं बोलायचं. दुसरा भाग तेवढा राहिला होता."
मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "ठेवून घ्या. मी नंबर मोडला तुमचा."
चहाला थांबले नाहीत. बायको घरी एकटी असते म्हणाले. पट आवरला.

११ एप्रिल
गृहस्थ परत दारात. पुस्तक परत! बायकोचा निरोप — "पुस्तक नको, बाईंनाच घेऊन ये. आणि विचार, आधी किती गोट्या मांडून देऊ?" कच्च्या खेळाडूला देतात तशा! मला!
ते जिन्यात थांबलेत. निघते.