तिघांबरोबरची चौथी

रविवार, २१ डिसेंबर

आज झालं ते असं:

१. आई, बाबा आणि चेतन बिबवेवाडीहून निघून दुपारी मुंबई बंदरात पोचले.
२. बोट तिघांनाही आवडली. बाबांच्या मते इथल्या लिफ्ट आमच्या सोसायटीपेक्षा बऱ्या चालतात.
३. त्यांना समुद्राकडे खिडकी असलेली, चार जणांची केबिन मिळाली.
४. त्यासाठी चौथं नाव लागत होतं. मी माझंच दिलं.
५. सगळे खुशीत आहेत. मीही.

मुद्दा चारचा खुलासा. मी या बोटीवर सहायक इलेक्ट्रिकल अधिकारी म्हणून लागले त्याला तीन आठवडे झाले. केबिनच्या दारांची कुलपं आणि एसी माझ्याकडे. नाताळात कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलतीत सफर मिळते, पण तिघं असले तर आतली, बिनखिडकीची केबिन. आईचा बंद खोलीत जीव घाबरतो. म्हणून चौथी प्रवासी म्हणून ‘उत्कर्षा’ लिहिलं, माझाच फोटो जोडला आणि आत येताना ते कार्ड मीच यंत्राला लावलं. पहारेकऱ्याने पडद्यावरचा चेहरा पाहिला, माझा पाहिला, जा म्हणाला.

गंमत म्हणजे आईनेही चौथा आणलाच होता. तीन तिगाडा काम बिघाडा. आमच्याकडे तिघंच कामाला निघाले की चौथा म्हणून खिशात एक दगड घेतात आणि पोचल्यावर तो टाकून देतात. आई टाकायलाच निघाली होती. बाबांनी विचारलं, परत जाताना पुन्हा तिघंच ना आपण, मग समुद्रात दगड कुठे शोधणार आहेस, की कप्तानाकडे मागणार? आईला ते पटलं. दगड राहिला.

चेतनने तो चौथ्या पलंगाच्या उशीवर ठेवला आणि शेजारी माझं कार्ड. म्हणाला, ताईची जागा धरून ठेवलीय. आई हसली नाही. दगडाला नाव देत नसतात, एवढंच म्हणाली.

सोमवार, २२ डिसेंबर

दिवसभर खाली एसीच्या पंख्यांवर काम. मधल्या सुट्टीत वर जाऊन आले. आईने डब्यातून डिंकाचे लाडू आणि लसणाची चटणी आणली आहे. इथल्या चहाला तिने नाव ठेवलंय, ‘कोमट पिवळं’. बाबा डेकवर खुर्ची धरून बसतात आणि पोहणाऱ्यांना मनातल्या मनात मार्क देतात. चेतनला त्याच्या कॉलेजातली कोणी निकिता बोटीवर असल्यासारखं वाटतं. ती नाही. मी तपासलं.

घर सोडल्यापासून पहिल्यांदा नीट जेवले.

मंगळवार, २३ डिसेंबर

आई म्हणाली, दुपारी ताटात निम्मं टाकलंस, तब्येत बरी आहे ना? मी दुपारी जेवायला गेलेच नव्हते, कोचीच्या बंदरात जनरेटरपाशी उभी होते. तसं सांगितलं. बाबा म्हणाले, बरोबर आहे, आमच्या समोर बसून गप्प राहिली ती दुसरीच कोणीतरी असेल, आपली तर बोलायची थांबत नाही. टोमणा होता. मी घरीही गप्पच असते.

वाढणाऱ्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, मॅडम, चौघांचं टेबल होतं, चौघंही होते.

खूप थकलेली माणसं दिवस एकमेकांत मिसळतात. आई, बाबा आणि तो वाढणारा, तिघंही एकाच वेळी मिसळत नाहीत.

बुधवार, २४ डिसेंबर

कुलपांची नोंद पाहणं माझं कामच आहे. चौथ्या कार्डाने केबिनचं दार उघडलं गेलंय. चेतन म्हणतो, त्याने ते कार्ड उशीवरून उचललेलं नाही. मी दाराचं यंत्र खोललं, तारा तपासल्या, पुन्हा बसवलं. दोष नाही.

त्यांच्याकडे गेले तेव्हा दगड उशीवरच होता. पण उशीला पडलेला खळगा त्याच्या मापाचा नव्हता. मोठा होता, थोडा ओलसर. डोकं ठेवून उठल्यावर पडतो तसा.

चादर बदलायला सांगितली.

गुरुवार, २५ डिसेंबर

दुपारी सुट्टी मिळाली म्हणून केबिनवर गेले. चेतनने दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, मग मागे वळून बाथरूमच्या दाराकडे. आतून पाण्याचा आवाज येत होता. तो हळू म्हणाला, ताई, तू आत्ता आंघोळीला गेलीस ना?

आई पलंगावर बसून टॉवेलची घडी करत होती. तिने मान वर न करता सांगितलं, उत्कर्षा, केस पुसून घे, इथला एसी बाधतो. ती बाथरूमच्या दाराकडे तोंड करून बोलत होती.

मी दाराची मूठ फिरवली. पाणी थांबलं. आत कोणी नव्हतं. ओल्या फरशीवर दगड होता, कोमट. आरशावर वाफ.

चेतन माझ्या मागेच उभा होता. त्याने पाहिलंय. निदान त्याने तरी.

शुक्रवार, २६ डिसेंबर

सकाळी दगड घेतला आणि मागच्या डेकवरून समुद्रात टाकला. बुडाला. मी बुडेपर्यंत पाहत होते. दगड बुडणारच, यात पाहण्यासारखं काय, तरीही.

हलकं वाटलं. आईला सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, टाकायचा तो पोचल्या पोचल्या, बिननावाचा असताना. तू त्याला नाव देऊन जेवू घातलंस, झोपवलंस. दगड टाकलास, नाव कुठे टाकलंस?

मी म्हटलं, असलं काही नसतं. माझा आवाज मला नेहमीसारखा वाटला. आई मात्र दचकली, अनोळखी माणूस बोलल्यासारखी. मग विचारलं, आपण कोणत्या विभागात असता?

मला वाटलं, रागावून बोलली.

शनिवार, २७ डिसेंबर

मुंबई. ते उतरताना मला खाली जायचं होतं. माझ्याच खोलीचं दार आतून उघडेना, कार्ड लावूनही नाही. कुलूप खोलून बाहेर पडले तोवर उशीर झाला. वरच्या डेकवरून पाहिलं — बाबा, चेतन, आई. आणि आईची पिशवी घेतलेली चौथी. तिने माझा करडा स्वेटर घातला होता. चालताना डावा खांदा किंचित खाली, माझा असतो तसा. मागे वळली नाही.

पहारेकरी म्हणाला, उत्कर्षा मॅडम सकाळीच नोकरी सोडून घरच्यांबरोबर गेल्या. गणवेशही जमा केला. त्याने पडद्यावरचा फोटो पाहिला. मग मला. बराच वेळ. मग विचारलं, तुम्ही बोटीवर आलात कशा?

मला उतरवलं. आईला फोन लावला. ती म्हणाली, बोला. मागून कोणीतरी विचारलं, कोण गं आई?

माझा आवाज.

रविवार, २८ डिसेंबर

स्वारगेटला उतरून बिबवेवाडीला चालत आले. दार आईने साखळी लावून उघडलं. विचारलं, कोण हवंय आपल्याला? मी माझं नाव सांगितलं. ती म्हणाली, उत्कर्षा जेवायला बसलीय, तुम्ही मैत्रीण का? आतून बाबा म्हणाले, पाटी वाचता येत नसेल तर किमान बेल तरी एकदाच वाजवावी.

मी लहानपणच्या गोष्टी सांगितल्या. कपाळावरची खूण दाखवली. आईने डोळे बारीक केले. म्हणाली, कुठे आहे खूण?

बोट लावून पाहिलं. गुळगुळीत.

तिच्यामागे चेतन उभा होता. त्याने नजर खाली घातली. ओळखलं म्हणून — की ओळखलं नाही म्हणून —

सोमवार, २९ डिसेंबर

खाली जिन्यापाशी आहे. भूक लागत नाही. थंडीही नाही. फोन माझा चेहरा ओळखत नाही.

पहिल्या मजल्यावरच्या यमुनाबाई भाजी घेऊन आल्या. दम लागला होता. पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, पदराने घाम पुसला, पिशवी उचलून वर गेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. मी ओरडले असं मला वाटलं.

मांडी दुखली नाही.

मंगळवार, ३० डिसेंबर

बोटं जड झाली आहेत. थोडक्यात लिहिते.

ती गॅलरीत कपडे वाळत घालते. खाली पाहते. मला दिसतं, तिला मी दिसते. बाकी कोणाला —

आई तिला लाडू देते. ती आता पूर्ण खाते.

चेतन, ही पानं तुझ्या स्कूटरच्या डिकीत टाकते आहे. तू बाथरूमबाहेर उभा होतास. दारात मी होते आणि आत पाणी वाहत होतं, हे तू एकट्याने एकाच वेळी पाहिलंस. तिच्याशी भांडू नकोस. आई-बाबांना पटवत बसू नकोस. फक्त खाली येऊन मला नावाने हाक मार, एकदाच, मोठ्याने. नाव तिच्याकडे आहे. ते तूच परत देऊ शकतोस. तुला खात्री नसेल तर तेही सांग, म्हणजे मी वाट पाहणार नाही.

गुरुवारपर्यंत उत्तर दे. त्यानंतर मला ऐकू येईल की नाही माहीत नाही.

मी शेवटच्या पायरीला लागून आहे, डाव्या बाजूला. तू घाईत उतरतोस. पाय टाकण्याआधी जरा खाली बघ, मी —