मोहिनीचं वजन

बीड, २ डिसेंबर

ती. सौ. आईस मोहिनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुझा आवाज आला की मला रडू येतं आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते. तू आणि बाबा ऊसतोडीला गेल्यापासून मी लई जाड झाले. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, वजन वयाच्या मानानं बरंच जास्त हाय. ते सगळ्या पोरींनी ऐकलं. आता खो-खोत मला कुणी घेत न्हाई. सुरेखाआत्या कधी रागवत न्हाई. माझे डोळे भरले की वेफर्स नाहीतर खारी पुढं करते. हल्ली मी डबा गाईला घालते. तू येशील तेव्हा पहिल्यासारखी दिसेन. आत्याला सांगू नको.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नको.
तुझी मोहिनी

ऊसतोड मुक्काम, १५ डिसेंबर

चि. मोहिनीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडलं अन् त्याच दिवशी वन्संचा फोन आला. तू शाळेत चक्कर येऊन पडलीस म्हनं. मी कोयता ठेवला अन् फडातच तुझं पत्र पुन्हा वाचलं. पोर भरली म्हंजी सुखात हाय, असं टोळीतल्या बायका म्हनायच्या. मलाबी तसंच वाटायचं. वन्सं लई रडल्या. म्हनाल्या, लेकरू आईसाठी रडतंय, आई कुठून आणू? मग खाऊ देते. त्यांच्यावर रुसू नको. तू कशी दिसतीस ते मला न्हाई बघायचं गं, तू जेवलीस का तेवढं कळू दे. उपाशी राहून माझा जीव टांगणीला लावू नको.

लांब असले तरी तुझीच,
आई

बीड, ५ जानेवारी

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

मी आता दोन्ही वेळा भाजी-भाकरी खाते. संध्याकाळी आत्या मला मैदानावर नेते. लोक बघतात म्हणून मी लाजते, तर ती पदर खोचून माझ्यापुढं पळते आणि मलाच आधी दम लागतो. वजन अजून तेवढंच हाय. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, घाई करू नको, वाढतं वय हाय.

काल शाळेतून आल्यावर मी डबे उघडत होते. आत्यानं हळूच विचारलं, भूक लागली का आई पाहिजे? मी म्हणाले, आई. तिनं मला पोटाशी धरलं. तिच्या दोन्ही हातांत मी मावत नव्हते, तरी तिनं सोडलं न्हाई. लई वेळ तशीच उभी होते.

आई, तू आलीस की असंच धर.

तुझ्या मायेची भुकेली,
मोहिनी