तिकडचे फोन, इकडचा बाप

ओंगार, डब्लिन
मार्च २०२१

प्रिय इरावती,

प्रिय लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, नाहीतर सध्या तू मला फारशी प्रिय नाहीस. चौथी शिकलेली बाई पत्र लिहायला बसली, यावरून काय ते समज. फोनवर बोलले असते, पण इथल्या भिंती पुठ्ठ्याच्या, वरच्या खोलीत तुझ्या बापाला सगळं ऐकू जातं.

सहा महिन्यांसाठी आले होते, कोरोनाने वर्ष खाल्लं. बाहेर जायचं तर सरकारी नियमाने घरापासून पाच किलोमीटरच्या आत. तुझी आई हॉस्पिटलातून येते ती झोपते. उरलो मी आणि कॉम्प्युटरपुढे बसलेला तुझा बाप, माझा नंदू. तो काय काम करतो, हे मला अजून नीट कळलेलं नाही. त्याची कंपनी परदेशांत मोबाइल चालवते, त्यातल्या एका देशात लष्कराने सरकार उलथवलं, एवढं कळलं. लष्करवाले म्हणाले फोन बंद करा, आणि ह्याने इथे ओंगारमध्ये बसून केले. तू ते बातम्यांत वाचलंस, बापाला हुकूमशहाचा नोकर म्हणालीस आणि त्याचा नंबरच ब्लॉक केलास. त्याने केलं ते वाईट, मग तू केलंस ते काय गं?

आधी मीही तुझ्याच बाजूची होते. म्हटलं, अरे, तिथे माणसं रस्त्यावर मरताहेत, आईला लेकराची खुशाली कळत नाही, आणि तू बटणं कसली दाबतोस? म्हणाला, कंपनीला तिथला कायदा पाळावा लागतो. म्हटलं, गेल्या महिन्यात कायदा दुसरा होता ना? तर खुर्ची फिरवून पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. त्याचा साहेब कॉलवर येतो आणि वाक्यावाक्याला 'ग्रँड, ग्रँड' म्हणतो. एवढं काय ग्रँड चाललंय कोण जाणे.

मग एकदा चहा घेऊन वर गेले. पडद्यावर तिथल्या ऑफिसातली मुलगी होती. तुझ्याच वयाची, मला बघितलं की हात हलवायची. त्या दिवशी हलवला नाही. तिच्या खुर्चीमागे बंदूकवाला उभा होता. नंदूने पुन्हा तिथले फोन बंद केले तेव्हाच तो हलला. तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. तुझा बाप चुकला म्हणावं तर ती पोरगी दिसते. बरोबर म्हणावं तर त्या सगळ्या आया.

हे त्याने तुला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. आता लष्कराला कोण कुणाशी बोललं, कुठून बोललं, ते सगळं हवंय. सोमवारी उत्तर द्यायचंय. दिलं तर किती घरांच्या दारांवर लाथा बसतील, आणि नाही दिलं तर ती मुलगी त्यांच्या हातात आहेच. काल जेवता जेवता त्याने मला विचारलं, आई, काय करू? पन्नाशीचा घोडा! जन्मभर मी लोकांना न विचारता अक्कल शिकवली, आणि विचारल्यावर काय केलं? पोळी वाढली. मग म्हटलं, लेकीला विचार, शिकलेली आहे. तर म्हणतो, ती माझा फोन घेत नाही. म्हणून हे पत्र, फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवतेय. तुला उत्तर ठाऊक असेल असं मला मुळीच वाटत नाही. पण सोमवारच्या आत त्याला फोन कर. शिव्या द्यायच्या तर दे, चांगल्या पोटभर दे. फक्त त्या देऊन झाल्या की लगेच ठेवू नकोस.

तुझीच, वैतागलेली
आजी