लातूरचं शिबिर आणि टँकरचा अर्ज

सर, लातूर जिल्हा नवा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती, त्या उन्हाळ्यातलं तुमचं शिबिर मला अजून आठवतं. लातूर-नांदेडकडचे आम्ही तीसेक इतिहास-नागरिकशास्त्राचे शिक्षक, आणि विषय अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध नि त्यांची राज्यघटना. टिपणं उतरवायची, सही करायची आणि चारची बस धरायची, एवढंच आमच्या मनात. तुम्ही आलात, कोपऱ्यातला पाण्याचा माठ उचलून आपल्या खुर्चीमागे ठेवलात आणि म्हणालात, "आजपासून मी राजा. पाणी पाहिजे तर मला विचारायचं. नियम मी करणार, मीच बदलणार." आम्ही हसलो. दुपारपर्यंत कुणी हसत नव्हतं. तुम्ही एकाला अर्धा पेला देता, दुसऱ्याला उद्या या म्हणता. शेवटी लोह्याकडचे एक गुरुजी ताडकन उठले. "हे चालणार न्हाई सर. नियम करायचे तर आमाला इचारून करा!" तुम्ही टाळी वाजवलीत. "झाला अमेरिकेचा धडा. आता बसा आणि माठाची राज्यघटना लिहा." मग प्रत्येकाला स्वतःच्या हातानं पाणी दिलंत. बी.एड.च्या अख्ख्या वर्षात मी इतकं शिकले नव्हते.

किल्लारीच्या वाटेवरच्या माझ्या शाळेत मी आठवीला ते तसंच्या तसं करून दाखवलं. तास संपताना मागच्या बाकावरची, खालच्या वस्तीतली एक मुलगी उठते. एरवी तोंड न उघडणारी. "बाई, मग टँकरचे नियम कोण करतंय? आमच्याकडं येईस्तोवर त्यो रिकामाच असतोय." मी फळ्यावर तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहून दिला. मुलांनी तो उतरवला, खाली सह्या केल्या. पहिली सही तिची.

आठवड्याभरात टँकर वस्तीकडे वळायचाच बंद झाला. रोजगार हमीच्या कामावरून तिच्या वडिलांचं नाव उडालं. मग चौकशीला एक साहेब आले. "हे कुणी लिहायला लावलं?" मुख्याध्यापक माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "मुलांनी आपणहून लिहिलंय." साहेबांनी मान डोलावली आणि पहिल्या सहीखाली रेघ मारली. माझी साधी बदलीही झाली नाही. मुलगी जूनमध्ये शाळेत आली नाही. आईबरोबर खडी फोडायला जाऊ लागली.

तुमच्या कानावर गेलं तेव्हा तुम्ही तुमच्या हदगावहून बस बदलत बदलत आलात. आपण दोघं तिच्या घरी गेलो. पोरीला शाळेत पाठवा म्हणून तुम्ही तिच्या वडिलांपुढे हात जोडलेत. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमी लई चांगलं शिकवायलात. पर आमाला ते झेपत न्हाई." ती दारात उभी होती, बोटांना चिंध्या गुंडाळलेली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. परतताना तुम्ही म्हणालात, "चूक माझी, बाई. माठ माझ्याच हातात होता, म्हणून तो परत देता आला. मुलांनी आपणहून लिहिलं, पण टँकर तसा नसतो हे त्यांना कुणी सांगितलंच नाही." अर्ज कुणाचा होता हे मी तेव्हाही बोलले नाही. त्यानंतर तुम्ही एकही शिबिर घेतलं नाहीत, आणि वर्षभरात गेलात.

पुढे ती शिबिरं मी घेऊ लागले. पाठ्यपुस्तकं बदलली, पडद्यावर चित्रं आली. दुष्काळही येत राहिले. मी टिपणं सांगायचे, प्रश्नपेढी वाटायचे, वेळेत सोडायचे. सगळे खूश असायचे. निवृत्तीच्या वर्षी एका तरुण शिक्षिकेनं विचारलं, "मॅडम, नागरिकशास्त्र शिकवून पोरांचं नेमकं काय होतं?" मी म्हणाले, "पेपर सोपा जातो." सभागृह हसलं. तीही हसली, आणि मान खाली घालून लिहू लागली.

हे पत्र मी घडी करून कपाटात ठेवते आहे. पाठवायला पत्ता नाही, असं कुणालाही सांगता येईल. खरं म्हणजे तुम्ही असता तर मी ते लिहिलंच नसतं.