झांजा कुठं गेल्या

गुरुवार, २४ डिसेंबर १९९८, शिक्रापूर

आज कंपनीला सुट्टी, म्हणून दत्ता खोलीवर आला. दर डिसेंबरसारखंच, वर्षभरात आलेले रॉकचे नवे अल्बम ऐकायचे आन् पहिला नंबर ठरवायचा. माझ्या तीन कॅसेटी, त्याच्या दोन. त्याला एकही पटली न्हाई. "ड्रम ठीक हायेत, पण झांजा कुठंयत? यंदा सगळ्यांनी रेकॉर्डिंग दाबून टाकलंय." मला तर झांजा स्वच्छ ऐकू येत होत्या. त्यानं आवाज वाढवत नेला, तर घरमालकीण दारात येऊन उभी राहिली.

मग मी गेल्या वर्षीची कॅसेट लावली. तिला पहिला नंबर त्यानंच दिलेला, तोही झांजांसाठी. तेव्हा जेवता जेवता ताटावर वाजवून दाखवायचा. आज मान खाली घालून ऐकत राहिला. मग म्हणाला, "हीबी घासली रं."

घासली कुठली? झांजा होत्या तिथंच होत्या. वर्ष झालं, दत्ता पत्रा ठोकायच्या प्रेसवर हाय. कानात घालायला बोळे देतात, पण सुपरवायझरची हाक ऐकू येत न्हाई म्हणून हा काढून ठेवतो. उद्या परत फर्स्ट शिफ्ट.

सांगायला पाहिजे होतं. ओठांवर आलं पण होतं. मी म्हणालो, "व्हय, घासली."